यक्षाकडे काय मागावं

वर कसा मागावा या विषयात आपला अधिकार मोठा आहे, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. लहानपणापासून मी शिवकीर्तनं ऐकत आलोय. कुठं टाळ वाजला की माझे पाय आपोआप मंडपाकडं वळतात. नीलम्मा, म्हणजे आमची मंडळी, सगळ्यांना सांगत असते, "यांना दूध आणायला पाठवलं तर रिकामी पिशवी आणि कपाळभर विभूती घेऊन येतात." यात अतिशयोक्ती आहे. पिशवीत प्रसाद असतो.

तर कीर्तनातली निम्मी आख्यानं वराचीच असतात. कुणीतरी एका पायावर उभा राहून तप करतो, देव प्रसन्न होतो, आणि हा मागताना नेमकी एक फट ठेवतो. दिवसा मरण नको म्हणतो, रात्री नको म्हणतो, आणि संध्याकाळ विसरतो. मंडपात सतरंजीवर बसून मी किती वेळा चुटपुटलो असेन, की अरे बाबा, आधी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवून घ्यायचंस! जाणता माणूस म्हणजे कोण, हे मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कचेरीत झाली. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, फट कुठं राहिलीय ते मला नुसत्या वासानं कळतं.

म्हणून आमच्या चंद्रिकानं जेव्हा विचारलं, "अप्पा, तुम्हाला वर मागायला जमेल का?" तेव्हा मी नुसता हसलो.

चंद्रिका आमची एकुलती एक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती सोलापुरात परत आली आणि सात रस्त्याजवळच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून संगणकावरचा एक खेळ तयार करू लागली. खेळाचं नाव 'पाताळ'. सगळा मराठीत. त्यात चित्र म्हणून नाही. पडद्यावर नुसती अक्षरं. 'उं' म्हणजे उंदीर, 'सा' म्हणजे साप, आणि आपण म्हणजे 'मी'. हे 'मी' घेऊन भुयारातून खाली खाली जायचं. भुयार दर खेपेला नवं, आधीचा रस्ता पाठ करून उपयोग नाही. आणि एकदा मेलं की मेलं. पुन्हा पहिल्यापासून. अगदी तळाला एक विहीर, विहिरीवर एक यक्ष. त्याच्यापर्यंत जिवंत पोचलात तर तो तीन वर देतो. ते वापरून पुन्हा वर, उजेडात यायचं. आलात तर जिंकलात.

"म्हणजे संसारच की," मी म्हणालो.

"संसारात पगार असतो," नीलम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिचा मुद्दा उघड होता. तिनं पोरीला संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मुदत दिली होती. तोवर कुणी खेळ घेतला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं पुण्याची जुनी नोकरी. तिथले साहेब अजून जागा धरून होते. यात्रा तोंडावर आली आणि बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीचा फोन आला: येत्या रविवारी सकाळी व्हिडिओवर खेळ बघू. पण अट अशी, की बनवणारीनं स्वतः खेळायचं नाही. ज्यानं जन्मात असला खेळ खेळला नाही, असा माणूस खेळताना बघायचाय.

असा माणूस घरात फुकट उपलब्ध होता.

सुरुवातीला मी भराभर मेलो. त्यातली उंदराच्या चाव्यानं मेलेली खेप मी मोजत नाही, कारण तेव्हा चष्मा नव्हता. पण खरी अडचण वेगळीच निघाली. भुयारात भूक लागते. मारलेला प्राणी खायचा, अशी चंद्रिकाची व्यवस्था.

"काय खायचं?" मी विचारलं.

"उंदीर. नाहीतर साप. एक कळ दाबायची फक्त."

"अगं, आपल्या घरी अंडं येत नाही."

"अप्पा, तो उंदीर खोटा आहे."

"पण 'मी' खरा आहे ना?"

मी कळ दाबली नाही. पडद्यावर 'तुम्हाला भूक लागली आहे' आलं, मग 'तुम्ही चक्कर येऊन पडलात' आलं, मग मी गेलो. अगदी निष्कलंक गेलो. असा सारखा उपवासानं मरायला लागलो, तेव्हा चंद्रिकानं कपाळावर हात मारून भुयारात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. पोरगी म्हणाली, बेंगळुरूचे लोक विचारतील ही चटणी पाताळात कशी आली. मी म्हणालो, सोलापूरची चटणी कुठंही जाते.

भाकरीच्या बळावर मी एकदाचा विहिरीपर्यंत पोचलो. पडद्यावर 'य' दिसला. खाली शब्द उमटला: 'माग.'

खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. मी पायातल्या चपला काढल्या. आता भक्ताला देव जेव्हा माग म्हणतो तेव्हा भक्त काय म्हणतो, हे ज्यानं जन्मभर कीर्तनं ऐकली त्याला काय शिकवायचं? हात जोडले आणि टाइप केलं: 'काही नको.'

'तथास्तु,' यक्ष म्हणाला. आणि काहीच दिलं नाही.

कीर्तनात असं होत नाही. कीर्तनात 'काही नको' म्हटलं की देव आणखी प्रसन्न होतो आणि सगळंच देतो. हा यक्ष मात्र शब्दाला शब्द धरणारा निघाला. पुन्हा 'माग' आलं. मी गोंधळून 'क्षमा असावी' लिहिलं. 'असली वस्तू पाताळात नाही,' तो म्हणाला, आणि दुसरा वरही गेला. मी घाईघाईनं 'अहो थांबा' लिहिलं. तिसरा गेला. मग मागून विंचू आला.

"अप्पा!" चंद्रिका ओरडली. "तीन वर! तीन!"

"निरपेक्ष भक्ती होती ती," मी म्हणालो, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

पुढच्या खेपेला मी भक्ती बाजूला ठेवून कचेरीच्या अनुभवाला हात घातला. दोन दिवस खपून मसुदा तयार केला. विहिरीवर पोचताच तो उतरवून काढला: 'लिहून घेणार गुरुशांत यांस साप, विंचू, वाघ, वेताळ व विष यांपासून आजन्म संरक्षण मिळावे, सबब त्यास कोणाचीही हरकत चालणार नाही.' एकही फट नाही. मी मागं रेलून बसलो.

'तथास्तु.'

'मी'च्या भोवती साप, विंचू, वाघ आणि वेताळ गोलाकार उभे राहिले. पायाशी विषाचा बुधला.

चंद्रिकानं पडद्यावरच्या बुधल्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्याला वाक्य कळत नाही हो अप्पा. वाक्यातली ओळखीची नावं तो उचलतो आणि आणून देतो. संरक्षण नावाची वस्तू पाताळात नाहीच. एका शब्दात मागा."

"एका शब्दात आपल्याकडं रिक्षावालासुद्धा ऐकून घेत नाही."

"मग रविवारी रिक्षात बसून दाखवा त्यांना," ती म्हणाली आणि उठून गेली. तिचे डोळे भरलेले मला दिसले. त्या क्षणी माझी सगळी विद्वत्ता उतरली. पोरगी पुण्याला गेली तर खोली रिकामी होईल, हे दुःख होतंच. पण ती हरून जाणार, आणि तेही माझ्या हातानं, हे काही गळ्याखाली उतरेना.

अशात शुक्रवारी नेट गेलं. रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली. नेटच्या कचेरीत गेलो तर तिथली मुलगी पडद्याकडं बघत म्हणाली, "काका, तुमची तक्रार सुटलीय."

"नेट कुठं आलंय?"

"तक्रार सुटलीय."

"मग नेट?"

"नेट नाही, ही वेगळी तक्रार आहे. ती नवीन करायला लागेल."

तीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो. इतकं सुंदर उत्तर मला एकदाही सुचलं नव्हतं.

शेवटी समोरच्या इमारतीवरून दुसऱ्याच एका केबलवाल्याची तार घ्यायची ठरली. तार आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून येणार, म्हणजे सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणजे चादरी-टॉवेलचे व्यापारी ईरप्पा. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, परवानगी दिली नाही.

"गुरुशांतप्पा, तार घ्या की. पर मला बी काय तरी पायजे."

"काय?"

"त्यो यक्ष तीन वर देतोय म्हनं. त्यातला एक माज्या नावानं."

"अहो, तो खेळ आहे!"

"खेळ का आसंना. वर म्हंजे वर. तुमी सरळ माणूस, तुमाला मागायला येत न्हाय, समद्या बिल्डिंगला म्हाईत हाय. कुणी तरी येवारी माणूस पायजे की न्हाय?"

'समद्या बिल्डिंगला माहीत आहे' हे वाक्य मी चहाबरोबर गिळलं आणि एक वर दिला.

गच्चीवरून तार खाली यायची ती वरच्या मजल्यावरच्या दानम्माकाकूंच्या बाल्कनीतून. काकूंचं वय झालंय, पण कान तरुण आहेत. ईरप्पाशी झालेला व्यवहार त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचला होता.

"तार जाऊ दे बाबा. एक वर मला."

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"मी सोन्यानाण्याचं मागत न्हाय. मी पाणी मागनार. नळाला कवा पाणी येतंय कवा न्हाय, येवढ्या वर घागरी चढवून कंबर गेली माजी. यक्षाच्या कानावर तरी जाऊ दे. कुणाच्या तोंडून कुटं पोचंल, सांगता येतंय का?"

यावर माझ्यासारख्या श्रद्धाळू माणसानं काय बोलावं? दुसरा वर गेला. माझ्यासाठी उरला एक. चंद्रिकाला सांगितलं तेव्हा ती हसली की रडली, मला नीट कळलं नाही. "दिलेला शब्द मोडू नका आता," एवढंच म्हणाली. पोरगी माझीच.

रविवार उजाडला. आंघोळ करून, विभूती लावून मी बसलो. संगणकालाही थोडी लावली. चंद्रिकानं ती पुसली. पडद्याच्या कोपऱ्यात बेंगळुरूचे साहेब आले: शरणबसव नावाचे, तरुण, मूळचे विजापूरकडचे, कन्नड वळणाचं मराठी बोलणारे. "नमस्कार री. आम्ही गप्प बसतो. तुम्ही खेळा."

ते गप्प बसले. ईरप्पा आणि दानम्माकाकू बसले नाहीत. दोघं वर वसूल करायला माझ्या मागं खुर्च्या टाकून बसले होते आणि प्रत्येक 'उं'ला "हाण! हाण!" म्हणत होते. काय सांगू, त्या दिवशी हात चांगला चालला. उंदीर चुकवले, भाकरी खाल्ली, सापाला वळसा घातला आणि विहिरीपाशी उभा राहिलो.

'माग.'

"माजा आधी," ईरप्पा पुढं सरकले. "सोन्याचं कवच ल्ह्या."

लिहिलं. मिळालं. कवच झळाळतं होतं आणि इतकं जड, की 'मी' एक पाऊल टाकून थांबायला लागला.

"वजनदार हाय की!" ईरप्पा खूश झाले. "माल अस्सल हाय!"

'माग.'

"पाणी," दानम्माकाकू म्हणाल्या. "रोज पाणी. भरपूर लिही बाबा, त्याला काय कमी हाय?"

मी 'रोज भरपूर पाणी' लिहिलं. यक्षानं त्यातलं पाणी उचललं. विहिरीतून 'पा' वर आलं. मग शेजारी 'पा', मग ओळभर 'पा'. बघता बघता निम्मा पडदा पाण्यानं भरला. आणि सोन्याचं कवच घातलेला माणूस पोहू शकत नाही, हे चंद्रिकानं फार काळजीपूर्वक लिहून ठेवलं होतं.

"आलं गं बाई पाणी!" काकूंनी हात जोडले.

'तुम्ही बुडत आहात,' पडदा म्हणाला. 'माग.'

"होडी मागा!" ईरप्पा ओरडले.

"पंप माग, पंप!" काकू म्हणाल्या.

चंद्रिकानं ओढणीत तोंड लपवलं होतं. आणि इतके महिने त्या खेळाकडं ढुंकून न बघितलेली नीलम्मा हातातलं लाटणं घेऊन माझ्या मागं येऊन उभी राहिली. "अहो, मागा की काहीतरी! पोरीचं सगळं बुडायला लागलंय, बघत काय बसलाय?"

माझ्या कानात घूं व्हायला लागलं. होडी पाताळात असेल तर ठीक, नसली तर वर गेला. कवच काढायला वेळ नव्हता. आणि का कोण जाणे, गेल्या आठवड्यातलं कीर्तन आठवलं. आमचे प्रभु महाराज निरूपण करता करता टाळ थांबवून म्हणाले होते, "लोक देवळात येतात, हे दे म्हणतात, ते दे म्हणतात. देवा, तूच घरी चल, असं म्हणणारा मला अजून भेटायचाय." तेव्हा मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण आता पाणी नाकाशी आलं होतं आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मी एकच शब्द लिहिला: 'यक्ष.'

पडदा थबकला. मला वाटलं, गेलं, बिघडलं. मग उमटलं: 'तथास्तु.'

विहिरीवरचा 'य' उठला. चालत आला आणि 'मी'च्या शेजारी उभा राहिला.

"हे कसं…" चंद्रिका खुर्चीवरून उठली. यक्षालाही पाताळात नाव होतं, आणि नाव असलेली वस्तू मागता येत होती. पण यक्षाकडं यक्षच कुणी मागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. यक्षाला काही शिवायचं नाही असा तिचाच नियम होता. तो निघाला तसं पाणी बाजूला झालं. साप बाजूला झाले. वाघ भिंतीला चिकटून उभा राहिला. मी कवच ओढत ओढत त्याच्या मागून चाललो. मजल्यामागून मजला वर चढलो. दानम्माकाकू हळूच टाळ्या वाजवून ठेका धरायला लागल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही गुणगुणायला लागलो.

दरवाजा आला. उजेड आला. दरवाजातून एका वेळी एकच जण जाऊ शकतो. मी जड पावलानं एक पाऊल टाकेपर्यंत यक्ष पुढं झाला आणि बाहेर पडला.

'यक्ष सुटला. खेळ संपला. यक्षाचे अभिनंदन.'

"आँ?" मी म्हणालो.

अपमान तिथंच संपला नाही. विहीर कधी रिकामी राहू नये, असाही एक नियम निघाला. भुयारात माणूस म्हणून मीच उरलो होतो. पडद्यानं मला उचललं, सगळे मजले खाली नेलं आणि विहिरीवर बसवलं.

मग पडद्याच्या कोपऱ्यातून विचित्र आवाज आला. शरणबसव साहेब तोंडावर हात दाबून हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "चंद्रिका, हे मुद्दाम केलं काय री?"

आता हो म्हणून टाकायचं की नाही? मी असतो तर निदान दोन वाक्यांत फिरवलं असतं. पोरगी सरळ म्हणाली, "नाही सर. चूक आहे ती. आज काढून टाकते."

"काढू नका!" ते खुर्चीतून पुढं आले. "अजिबात काढू नका. सगळे त्याच्याकडून घेऊन जातात, त्याला कुणी घेऊन जात नाही. मी इतके खेळ बघितले, असं कुठं बघितलं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुशांतप्पा, आता विहिरीवर तुम्ही. मग मी मागू काय?"

"मागा," मी म्हणालो. चेहरा जमेल तितका गंभीर ठेवला.

"हा खेळ आम्हाला द्या."

'तथास्तु' माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात तो शब्द वापरायची वेळ पुन्हा येणार नव्हती. पण दस्ताच्या कचेरीत एक गोष्ट पक्की शिकलोय: जे आपल्या नावावर नाही ते आपण देऊ नये.

"तो माझा नाही," मी म्हणालो. "तिला मागा."

"बरोबर आहे री," ते हसले. "चंद्रिका, मग तुम्हीच सांगा. खेळ आम्ही घेतो. तुम्हाला काय पाहिजे?"

झालं. खोलीत पुन्हा गलका उठला. "ॲडव्हान्स माग, पोरी!" "हापिसाची गाडी माग!" "माज्या पाण्याचं बी बघ गं!" ईरप्पा तर दोन्ही हातांनी खुणा करत होते. जन्मात पहिल्यांदा मी सल्ला दिला नाही. ओठ घट्ट मिटून बसलो.

चंद्रिकानं थोडा विचार केला. "पूर्ण करायला एक वर्ष," ती म्हणाली. "इथंच बसून. आणि मधे कुणी विचारायचं नाही, झालं का म्हणून."

"आय्तु, ठरलं," साहेब म्हणाले. "वर्ष दिलं. कागद या आठवड्यात पाठवतो. पण ते दुसरं कुणाला म्हणालात?"

सगळ्यांनी नीलम्माकडं बघितलं. ती लाटण्याला चिकटलेलं पीठ नखानं काढत होती.

"मला म्हणाली ती," नीलम्मा म्हणाली. "विचारणार न्हाय."

पडदा बंद झाला. ईरप्पा आणि काकू नेमका कुणाचा वर फळला यावर वाद घालत, एक जिना उतरत आणि एक चढत, निघून गेले. चंद्रिका अजून उभीच होती. नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि थांबली.

"झालं का ते मी विचारत न्हाय," ती म्हणाली. "पर तो यक्ष बाहेर पडलाय की. इतकी वर्षं विहिरीवर बसला, त्याला इथली काय म्हाईती? कुठं जाईल तो? जेवंल काय?"

चंद्रिका आईकडं बघत राहिली. मग तिनं खुर्ची ओढली, संगणक पुन्हा उघडला आणि शेजारचं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बस, अव्वा," ती म्हणाली. "तूच सांग, काय जेवेल?"

नीलम्मानं लाटणं माझ्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि बसली.